स्नायूंचे भांडवल

संध्याकाळी गल्ला मोजून होतो, रोजमेळ जुळतो आणि पेढीवरील ज्येष्ठ मंडळी घरी जाण्यासाठी उठू लागतात. कोणी सहज उठतो. कोणी एक हात गादीवर आणि दुसरा गुडघ्यावर टेकवतो, क्षणभर थांबतो आणि मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहतो. घरातील माणसे हे दृश्य रोज पाहतात आणि "गुडघे धरले, वय झाले" एवढे म्हणून पुढे जातात.

गुडघ्यांचे दुखणे खरे असते, यात शंका नाही. परंतु पुष्कळदा उठण्याचे बळ कमी पडते ते गुडघ्यात नव्हे, तर गुडघ्याच्या वर, मांडीच्या पुढील भागातील स्नायूंत. हाड शरीराला आकार देते, सांधा वाकण्याची सोय करतो. पण शरीर जमिनीपासून वर उचलण्याचे काम स्नायूलाच करावे लागते. ते तो कसे करतो, त्याचे बळ कशाने वाढते आणि कशाने झिजते, हे समजले तर "वय झाले" या दोन शब्दांत किती तथ्य आहे आणि किती गैरसमज, हेही उलगडते.

स्नायू ओढतो, ढकलत नाही

माणसाच्या शरीरात सहाशेहून अधिक स्नायू हाडांशी जोडलेले आहेत. या सर्वांना एकच क्रिया येते, ती म्हणजे ओढण्याची. कोणताही स्नायू स्वतःहून ढकलू शकत नाही. दार लोटताना हात ढकलतो असे वाटते. प्रत्यक्षात दंडाच्या मागील स्नायू कोपराचे हाड ओढतो, कोपर सरळ होते आणि तळहात दारावर रेटला जातो. म्हणूनच बहुतेक सांध्यांवर स्नायू समोरासमोर बसवलेले आढळतात. एक वाकवतो, दुसरा सरळ करतो. एक ओढत असताना दुसरा सैल सुटतो. आणि सांधा घट्ट धरून ठेवायचा असेल तर दोघेही एकाच वेळी ताणले जातात.

स्नायूचे टोक कंडरेत रूपांतरित होते आणि कंडरा हाडाला चिकटते. ती चिकटण्याची जागा सहसा सांध्याच्या अगदी जवळ असते. तराजूचा हिशेब जाणणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. दंडाच्या पुढील स्नायूची कंडरा कोपरापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर जोडलेली असते, तर तळहात कोपरापासून सुमारे ३५ सेंटिमीटर दूर असतो. म्हणजे एका बाजूची भुजा दुसरीच्या सातपट लांब. हात काटकोनात वाकवून ५ किलोची पिशवी धरली, तर स्नायूला सुमारे ३५ किलोंच्या वजनाइतका जोर लावावा लागतो. हाताचे स्वतःचे वजन वेगळेच. हा व्यवहार वरवर तोट्याचा दिसतो. परंतु त्याच्या बदल्यात स्नायू थोडासा आखडला की हात पुष्कळ अंतर आणि वेगाने फिरतो. शरीराने जोर खर्चून गती विकत घेतलेली आहे.

एक चेतापेशी, अनेक तंतू

एवढा जोर स्नायू उत्पन्न करतो कसा? स्नायू म्हणजे अखंड मांसाचा गोळा नव्हे. तो हजारो, मोठ्या स्नायूत तर लाखो, केसासारख्या बारीक तंतूंची जुडी असते. या तंतूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत असतात. प्रत्येक चेतापेशीचा धागा स्नायूपर्यंत येतो, तेथे त्याला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदी एकेका तंतूला जाऊन मिळते. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातील सर्व तंतू मिळून एक घटक होतो. इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन आणि त्यांचे सहकारी यांनी १९२० च्या दशकात या घटकाला 'मोटर युनिट' हे नाव दिले. मराठीत त्याला प्रेरक घटक म्हणता येईल. शेरिंग्टन यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक चेतापेशींवरील संशोधनासाठी मिळाले.

प्रेरक घटकाचा आकार कामाप्रमाणे ठरलेला असतो. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका चेतापेशीकडे जेमतेम पाच-दहा तंतू असतात, कारण तेथे सूक्ष्म हालचाल हवी असते. पोटरीच्या मोठ्या स्नायूत एका चेतापेशीच्या हाताखाली हजाराहून अधिक तंतू असतात, कारण तेथे नाजूकपणापेक्षा जोर महत्त्वाचा. सराफाची बोटे आणि हमालाच्या पोटऱ्या यांच्यातला फरक अशा रीतीने मुळातच आखलेला आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चेतापेशीकडून संदेश निघाला की तिच्या ताब्यातील सर्व तंतू प्रतिसाद देतात. काही तंतूंनी द्यावा आणि काहींनी देऊ नये, अशी निवड तिला करता येत नाही. मग तोच हात एकदा कापसाचा पेळू अलगद उचलतो आणि दुसऱ्यांदा गुळाची ढेप, हे कसे घडते? त्यासाठी शरीराकडे दोन उपाय आहेत.

माणसे वाढवा किंवा हाका वाढवा

पहिला उपाय अधिक घटक कामाला लावण्याचा. हलके काम असेल तर मोजके घटक जागे होतात. वजन वाढले की आणखी घटक सामील होतात. त्यांना बोलावण्याचा क्रमही ठरलेला असतो. प्रथम लहान चेतापेशींचे घटक येतात, मग मध्यम आणि सर्वांत शेवटी मोठे. अमेरिकेतील हार्वर्ड येथील एल्वुड हेनेमन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये हा नियम सविस्तर मांडला. लहान घटकांचे तंतू संथ परंतु चिवट असतात. तासन्‌तास काम करूनही थकत नाहीत. ताठ बसणे, उभे राहणे, चालणे ही कामे मुख्यतः त्यांच्यावर चालतात. मोठ्या घटकांचे तंतू जलद आणि जोरकस असतात, पण लवकर दमतात. घसरणाऱ्या पायाला क्षणात सावरणे, खुर्चीतून झटकन उठणे, जिना भराभर चढणे या वेळी त्यांची गरज पडते. जो माणूस कधी जोराचे काम करत नाही, त्याच्या मोठ्या घटकांना महिनोन्‌महिने कोणी हाकच मारत नाही.

दुसरा उपाय हाका वाढवण्याचा. एका संदेशाने तंतू एकच लहानसा झटका देतो आणि लगेच सैल होतो. डोळ्याच्या स्नायूत हा झटका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास आपल्या शिखरावर पोहोचतो, तर पोटरीच्या संथ स्नायूला त्यासाठी सेकंदाचा दहावा भाग लागतो. हा झटका फार दुबळा असतो. त्याचे कारण समजायला दोराने ओढली जाणारी गाडी डोळ्यांपुढे आणावी. दोर सैल असेल तर पहिला हिसका दोर ताठ होण्यातच खर्च होतो, गाडी जागची हलत नाही. स्नायूतील कंडरा आणि लवचीक आवरणे हा तो सैल दोर. एकट्या झटक्याचा बराचसा जोर ती ताणण्यातच जिरतो. परंतु पहिला झटका ओसरण्यापूर्वीच दुसरा, तिसरा, चौथा संदेश आला, तर दोर ताठच राहतो आणि प्रत्येक नवा जोर थेट हाडापर्यंत पोहोचतो. संदेश पुरेसे जलद येऊ लागले की वेगवेगळे झटके एकमेकांत मिसळून एक अखंड, स्थिर ताण तयार होतो. तो एकट्या झटक्याच्या तीन ते पाचपट असू शकतो.

या अखंड ताणाला इंग्रजीत जे नाव आहे, तेच एका भयंकर रोगाचेही आहे, आणि तो योगायोग नाही. जखमेतून शिरणाऱ्या धनुर्वाताच्या जंतूंचे विष मज्जारज्जूतील लगाम सैल सोडते. चेतापेशींना थांबवणारे कोणी उरत नाही, त्या अविरत संदेश पाठवतात आणि शरीरातील स्नायू एकाच वेळी आखडतात. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बलवान असल्यामुळे शरीर मागे वाकते आणि धनुष्यासारखी कमान होते. आपल्या पूर्वजांनी रोगाला 'धनुर्वात' हे नाव दिले ते हे दृश्य पाहूनच. ताण निर्माण करण्याइतकेच तो आवरणेही महत्त्वाचे आहे, याचा याहून कठोर दाखला नाही.

निरोगी शरीरात सर्व घटक एकाच ठोक्याला काम करत नाहीत. काही ओढतात तेव्हा काही विसावतात, मग पाळी बदलते. त्यामुळे हालचाल धक्क्याधक्क्याने न होता सलग होते आणि हलका ताण दीर्घकाळ धरून ठेवता येतो. मान ताठ ठेवून दिवसभर वही लिहिणे शक्य होते ते या पाळ्यांमुळेच.

आत काय घडते

तंतूच्या आत हा ताण कोठून येतो, याचा शोध दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत वेगाने पुढे सरकला. हंगेरीतील सेगेड या गावी अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी आणि त्यांचे तरुण सहकारी स्नायूंतील प्रथिनांवर काम करत होते. मायोसिन हे प्रथिन पूर्वीच माहीत होते. १९४२ च्या सुमारास स्ट्राउब यांनी अ‍ॅक्टिन हे दुसरे प्रथिन वेगळे केले. या दोघांपासून काचेच्या भांड्यात बनवलेल्या धाग्यावर एटीपी हे ऊर्जावाहक द्रव्य टाकले, तेव्हा तो निर्जीव धागा आखडला. जिवंत प्राण्याचा विशेष मानली गेलेली हालचाल प्रयोगशाळेतील भांड्यात घडून आली होती.

हे आखडणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर १९५४ मध्ये मिळाले. 'नेचर' या साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांचे लेख शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सली एका कुटुंबातील नव्हते, पण निष्कर्ष एकच होता. स्नायू आखडतो तेव्हा त्याच्यातील सूक्ष्म धागे आखूड होत नाहीत. मायोसिनच्या जाड धाग्यांमधून अ‍ॅक्टिनचे बारीक धागे आत सरकतात, आणि दोन्हींचा एकमेकांवर येणारा भाग वाढतो. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून तळहात जवळ आणावेत, तसे हे असते. बोटे तेवढीच राहतात, हातांमधील अंतर मात्र घटते.

मायोसिनच्या धाग्यातून बारीक डोकी बाहेर आलेली असतात. चेतापेशीचा संदेश पोहोचला की तंतूच्या आत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते, अ‍ॅक्टिनवरील अडसर दूर होतो आणि ही डोकी अ‍ॅक्टिनला धरून ओढतात. पकड, ओढ, सुटका आणि पुन्हा पकड, असे चक्र चालू राहते. यात एक नवल आहे. एटीपी लागते ते पकड सोडवण्यासाठी. एटीपी मिळाले की डोके सुटते आणि पुढील ओढीसाठी पुन्हा सज्ज होते. मृत्यूनंतर एटीपी संपते, पकडी सुटत नाहीत आणि देह ताठ होतो. जिवंत स्नायूचे मऊपण हेसुद्धा ऊर्जा खर्चून राखलेले असते.

लांबीचा हिशेब, वेगाचा हिशेब

बारीक आणि जाड धागे एकमेकांवर जितके अधिक येतील, तितकी पकडणारी डोकी अधिक आणि ताण अधिक, हे ओघानेच आले. अँड्र्यू हक्सली, गॉर्डन आणि ज्युलियन यांनी १९६६ मध्ये बेडकाच्या एकेका तंतूवर हे मोजून दाखवले. तंतू फार ताणला तर धागे एकमेकांपासून सुटतात आणि ताण शून्यावर येतो. फार आखडला तर धागे एकमेकांत अडखळतात आणि ताण पुन्हा घटतो. सर्वाधिक बळ मधल्या लांबीला मिळते. शरीरात बहुतेक स्नायू विसाव्याच्या स्थितीत या मधल्या लांबीच्या आसपासच ठेवलेले असतात. मनगट पूर्ण आत वाकवून मूठ आवळून पाहावी. मूठ ढिली पडते. मनगट सरळ किंवा किंचित मागे ठेवले की तीच मूठ घट्ट बसते.

वेगाचा हिशेबही असाच चोख आहे. रिकामे खोके झटकन उचलले जाते, भरलेले सावकाश. लंडनचे आर्चिबाल्ड हिल यांनी १९३८ मध्ये हा संबंध गणिताच्या सूत्रात बांधला. ओझे जितके जड, तितका आखडण्याचा वेग कमी. ओझे इतके जड झाले की ते हलेना, तर वेग शून्य होतो. स्नायू ताणलेला राहतो पण लांबी बदलत नाही. पिशवी हातात लटकवून बोलत उभे राहणे हे याच प्रकारचे. भौतिकशास्त्राच्या वहीत या कामाची जमा शून्य लागते, कारण पिशवी वर गेली नाही. शरीराच्या वहीत मात्र खर्च चालूच राहतो, कारण आतील डोकी अखंड पकडत आणि सोडत असतात. शिवाय जोराने आणि सलग ताणलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, म्हणून पिशवी धरलेली बोटे लवकर भरून येतात. वजन उचलताना श्वास कोंडून धरला तर रक्तदाब एकदम वर जातो. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी पोते, गठ्ठा किंवा गॅसची टाकी हलवताना हे विसरू नये.

चढण महाग, उतरण स्वस्त

स्नायूचा तिसरा व्यवहार सर्वांत कमी ओळखीचा आणि सर्वांत उपयोगाचा आहे. स्नायू ओढत असतानाच बाहेरचे वजन त्याला ताणून लांब करते. जिना उतरताना, हातातील ओझे हळूच खाली ठेवताना, खुर्चीत सावकाश बसताना हेच घडते. अशा वेळी स्नायू आखडतानाच्यापेक्षा, इतकेच नव्हे तर जागच्या जागी ताणलेल्या अवस्थेपेक्षाही, अधिक जोर पेलू शकतो. आणि त्याला ऊर्जा मात्र कितीतरी कमी लागते.

१९५२ मध्ये अ‍ॅबट, ब्रेंडा बिगलँड आणि मर्डॉक रिची यांनी याची परीक्षा एका गमतीशीर यंत्राने घेतली. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पॅडल मारायचे, दुसऱ्याने उलट फिरणाऱ्या पॅडलांना पायांनी विरोध करायचा. दोघांच्या पायांवरील जोर सारखाच, कारण साखळी एकच. तरीही विरोध करणाऱ्याला प्राणवायू फार थोडा लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हा प्रयोग जाहीरपणे दाखवला गेला, तेव्हा लहानखुऱ्या बिगलँड बाईंनी विशेष कष्ट न घेता रिची यांना दमवून सोडले, आणि जमलेल्या विद्वानांची चांगलीच करमणूक झाली.

उतरणीला एक किंमत मात्र द्यावी लागते. सवय नसताना गड किंवा डोंगरावरचे तीर्थक्षेत्र चढून उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आंबतात. ते दुखणे चढण्यापेक्षा उतरण्याचे अधिक असते. ताणले जात असतानाच ओढणाऱ्या तंतूंत सूक्ष्म इजा होते आणि ती भरून येताना अंग दुखते. काही दिवसांत स्नायू सावरतो, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच उतरणीने तेवढे दुखत नाही.

उतारवयात काय हरवते

या सर्व माहितीनिशी आता पेढीवरच्या त्या ज्येष्ठांकडे पुन्हा पाहावे. उतारवयात मज्जारज्जूतील काही चेतापेशी नष्ट होतात. त्यांचे तंतू पोरके होतात. शेजारच्या चेतापेशी आपल्या फांद्या पसरून त्यातील काहींना दत्तक घेतात. पोलिओतून वाचलेल्या रुग्णांत गेलेले बळ काही अंशी परत येत असे, तेही बरेचसे याच मार्गाने. ज्यांना कोणी घेत नाही ते तंतू झिजून जातात. जलद आणि जोरकस तंतूंची हानी अधिक होते. म्हणून म्हातारपणी माणूस चालू शकतो, पण झटकन उठू शकत नाही. उभा राहू शकतो, पण ठेच लागल्यावर तोल सावरण्याइतका जोर क्षणात उभा करू शकत नाही. पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि अंथरूण धरणे या साखळीची पहिली कडी अशी स्नायूत असते. या झिजेला १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची उणीव असा होतो.

वयाला हातभार लावते ती बैठक. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांसल भाग घटला. आजारपणानंतर "अजून आठ दिवस पडून राहा" असा प्रेमाचा आग्रह घरोघरी होतो. तो प्रत्येक वेळी हिताचा असतोच असे नाही.

नव्वदीतील नऊ जण

झीज अटळ आहे, पण तिचा वेग अटळ नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा १९९० मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथून आला. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातील दहा दुर्बळ रहिवासी निवडले. त्यांचे सरासरी वय ९० वर्षे होते. त्यांना आठ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, बसल्या जागी पायाने वजन उचलून गुडघा सरळ करण्याचा व्यायाम दिला. वजन नाममात्र नव्हते. प्रत्येकाच्या कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत ते हळूहळू नेले.

नऊ जणांनी व्यायाम पूर्ण केला. त्यांचे पायांतील बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे पूर्वीच्या पावणेतीन पट झाले. दोघांची काठी सुटली. हात न टेकता खुर्चीतून उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एक जण उठू लागला. चार वर्षांनी शंभर रहिवाशांवर केलेल्या मोठ्या प्रयोगानेही हीच दिशा दाखवली.

या प्रयोगातील दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. बळ १७४ टक्के वाढले, पण मांडीच्या मधोमध मोजलेले स्नायूंचे क्षेत्रफळ केवळ ९ टक्के. मग उरलेले बळ कोठून आले? नवे मांस आठ आठवड्यांत फार थोडे तयार होते. वाढ झाली ती प्रामुख्याने हाकांत. झोपलेले प्रेरक घटक पुन्हा कामावर आले, संदेश अधिक जलद जाऊ लागले, स्नायूंचा परस्परांशी मेळ बसला. भांडवल तिजोरीत पडून होते; ते व्यवहारात आले. मात्र व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत कमावलेल्या बळाला मोठी गळती लागली आणि कमाल शक्ती ३२ टक्क्यांनी घटली. स्नायूंच्या खात्यात कायम ठेव ठेवता येत नाही. तेथे चालू खातेच असते.

घरच्या घरी

यासाठी व्यायामशाळा किंवा यंत्रे हवीतच असे नाही. स्वतःच्या शरीराचे वजन हे सर्वांत सोयीचे वजन आहे. भिंतीला टेकवलेली, न घसरणारी, हात नसलेली खुर्ची घ्यावी. हात छातीवर बांधून सलग पाच वेळा उठावे आणि बसावे. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये यासाठी १२ सेकंदांची मर्यादा सुचवली आहे. त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर स्नायूंकडे लक्ष देण्याची वेळ आली असे समजावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ज्यांना उठणेच जड जाते, त्यांनी बसण्यापासून आरंभ करावा. येथे दोन सायकलींचा धडा उपयोगी पडतो. उतरणीचे काम स्नायूला स्वस्त पडते आणि त्यात तो अधिक जोर पेलतो. म्हणून हातांच्या आधाराने उठावे, परंतु बसताना धप्पकन न बसता मनात पाच अंक मोजत सावकाश बसावे. उठताना पावले खुर्चीखाली मागे घ्यावीत आणि छाती पुढे झुकवावी, म्हणजे वजनाची रेषा पावलांवर येते आणि मांडीवरचा भार हलका होतो. आसन आरंभी उंच असावे. बळ वाढेल तसे कमी उंचीचे घ्यावे. खाली, गादीवरून उठणे ही या अभ्यासाची शेवटची पायरी. उठताना श्वास सोडावा, कोंडू नये. आरंभी घरातील कोणी शेजारी उभे असावे. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा सांध्यांचा तीव्र आजार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, आणि पासष्टीनंतर तोल व बळ यांचा अभ्यास किमान तीन दिवस असावा. रोजचे चालणे उत्तमच आहे. परंतु सपाट रस्त्यावरील चालण्याने संथ तंतूंनाच प्रामुख्याने काम मिळते. जोरकस तंतूंना जागे करायचे तर त्यांना पेलण्याजोगे ओझे द्यावे लागते. दिवसभर गल्ल्यामागे उभे राहणाऱ्यांनी अधूनमधून टाचा उचलाव्यात. पोटरीचा स्नायू आखडतो तेव्हा तो शेजारच्या नीला दाबून रक्त हृदयाकडे वर ढकलतो आणि पायांची सूज कमी राहते. जेवणात डाळी, दूध, दही, पनीर, शेंगदाणे यांतील प्रथिने पुरेशी असावीत, कारण वय वाढले की भूक मंदावते आणि नेमका हाच भाग ताटातून कमी होत जातो.

घरातील तरुणांचेही एक कर्तव्य आहे. आजोबा उठू लागले की नातू धावत जाऊन हात देतो. या मायेला नावे ठेवण्याचे कारण नाही. तरीही हात देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्यांना स्वतःहून अर्धे उठू द्यावे, आणि मग उरलेल्या अर्ध्यासाठी हात पुढे करावा. त्या एका क्षणात मज्जारज्जूतील किती तरी चेतापेशींना पुष्कळ दिवसांनी हाक गेलेली असते.